स्मशानाच्या वह्या लगद्याला पाठवू नका: मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर विभाग,
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पाचही महानगरपालिकांचे आयुक्त आणि सर्व नगरपरिषदा-नगरपंचायतींचे मुख्याधिकारी

विषय: स्मशानभूमी, दफनभूमी व कब्रस्तानांच्या नोंदवह्या निंदणीकरणातून (जुने कागद नष्ट करण्यातून) वगळून कायम जतन करण्याबाबत

महोदय,

शासनाच्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमापासून कार्यालयांच्या साफसफाईला जोर आला आहे. कपाटांवरचे गठ्ठे खाली उतरले, मुदत संपलेले कागद निंदणीकरणाच्या यादीत गेले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. जुने दप्तर चाळण्यात ज्यांचा जन्म जातो त्यांना स्वच्छ रेकॉर्ड रूमची किंमत इतरांपेक्षा जास्तच कळते. आमची तक्रार एका वहीपुरती आहे. स्मशानात किंवा कब्रस्तानात आणलेल्या प्रत्येक मृताची नोंद जिच्यात होते ती वही अनेक ठिकाणी लाकडाच्या हिशेबासोबत आणि पावतीपुस्तकांसोबत एकाच गठ्ठ्यात बांधली जाते आणि ‘क’ किंवा ‘क-१’ वर्गात टाकली जाते. ‘क’ म्हणजे दहा वर्षे, ‘क-१’ म्हणजे पाच. मुदत भरली की यादी होते, यादीवर सही होते आणि कागद लगद्याला जातो. कायम ठेवण्याचा ‘अ’ आणि तीस वर्षांचा ‘ब’ हे वर्ग त्याच तक्त्यात आहेत, पण या वहीच्या वाट्याला ते येत नाहीत.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. एप्रिल-मे २०२१ ची वही ‘क-१’ मध्ये बांधली गेली असेल, तर तिची पाच वर्षे २०२६ मध्ये भरतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गावाकडचा माणूस शहरातल्या रुग्णालयात दाखल झाला आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी अंत्यविधी तिथेच उरकला, अशी घरे मराठवाड्यात गावोगाव आहेत. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे ठिकाण असते, कायमचा पत्ता असतो. अंत्यसंस्कार कुठे झाले, याचा रकाना मृत्यूची खबर देण्याच्या नमुना २ मध्ये नाही आणि दाखल्याच्या नमुना ६ मध्येही नाही. ती माहिती फक्त स्मशानाच्या वहीत आहे. वही गेली की माणसाला अग्नी कुठे दिला, हे सांगणारा सरकारी कागद उरत नाही.

आम्ही मराठवाड्यातल्या घराण्यांच्या वंशावळी जुळवणारे, मोडी आणि उर्दू दप्तर वाचणारे लोक. जात पडताळणीत वंशावळ सिद्ध करायची असते, वारसाच्या फेरफारासाठी आजा-पणजाच्या मृत्यूची तारीख हवी असते, आणि कित्येकांना आपली माणसे कोण होती एवढेच जाणून घ्यायचे असते. तिन्ही कामांत गाडी एकाच जागी अडते: १९७० च्या आधीचा मृत्यू.

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीची खेड्यातली नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुकात. विदर्भात ही बुके बऱ्याच गावांत खूप मागेपर्यंत जातात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इथे तशी सलग मालिका क्वचितच हाती लागते. मग उरतात १९५४-५५ चे खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि १९५१ ची नागरिकांची नोंदवही. पहिल्या दोन्हींत जमीनवाल्यांचीच नावे. शेतमजूर, बलुतेदार, नांदेडच्या उस्मानशाही मिलमधला कामगार खासऱ्यात कुठून यायचा? १९५१ च्या नोंदवहीत सगळे आहेत, पण ती त्या एका वर्षाची, जिवंत माणसांची. स्मशानात मात्र सगळेच येतात, आणि तारखेनिशी येतात.

दहनाची रीत असलेल्या घरांत दगडावर कोरलेले नाव मागे राहत नाही. तिथे वहीला दुसरा आधार मिळतो तो तीर्थोपाध्यायांच्या नामावळीचा. अस्थी घेऊन पैठण, नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाचे नाव, त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलगे आणि मूळ गाव उपाध्यायांच्या वहीत उतरते. ते लिहिणे तिथीवर चालते आणि मृतापेक्षा आलेल्या माणसाचा तपशील त्यात जास्त असतो. त्यामुळे शोधाचा क्रम असा ठेवावा लागतो: स्मशानाच्या वहीतून मृत्यूची तारीख घ्यायची, तिच्या पुढच्या पंधरवड्याच्या तिथी काढायच्या आणि मग त्या गावाच्या नामावळीत त्या तिथ्या धुंडाळायच्या. तारीख हाती नसेल तर उपाध्यायांच्या दारात सगळी बाडे उलटत बसावे लागते, आणि तेही त्यांची मर्जी असेपर्यंत.

पुरण्याची रीत असलेले समाज मराठवाड्यात थोडके नाहीत. लातूर, नांदेड, धाराशिव, बीडकडचे लिंगायत, गोसावी, महानुभाव, मुस्लिम, ख्रिस्ती, अनेक दलित आणि भटक्या जमाती. लहान मुलांना तर बहुतेक सगळेच पुरतात. कब्रस्तानात काही वर्षांनी त्याच जागी दुसरी कबर होते आणि तिथेही वहीशिवाय माग उरत नाही. खुलताबादला मलिक अंबर, पहिला निजाम आणि औरंगजेब यांच्या कबरी कोणालाही सापडतात. तिथल्याच एखाद्या विणकराची सापडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या राज्यातल्या, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या) छावण्या होत्या. तिथे पुरलेल्या युरोपीयांच्या कबरींवरचे मजकूर उतरवून १९४१ मध्ये हैदराबाद राज्यात छापले गेले. पाद्र्यांच्या दफननोंदींच्या प्रती लंडनला जात होत्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी १९७६ पासून ब्रिटनमध्ये वेगळी संस्था काम करते. जालन्यात ज्वराने गेलेल्या सार्जंटची नातवंडे घरबसल्या त्याची तारीख काढतात. त्याच छावणीबाहेर राहणाऱ्या मोतद्दाराची (घोडे सांभाळणाऱ्याची) पणतवंडे आपल्या कार्यालयांत अर्ज करतात आणि त्यांना उत्तर येते, ‘अभिलेख आढळून येत नाही.’

आता मुद्द्यावर येतो.

१. वर्गवारी चुकली आहे. नोंदणी अधिनियमाच्या कलम १० ने मृतदेहांच्या विल्हेवाटीसाठी राखलेल्या जागेच्या रखवालदारावर किंवा मालकावर निबंधकाला मृत्यू कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे रखवालदाराची वही हा त्या सूचनेचा मूळ कागद. निबंधकाची नोंदवही कायमची आणि तिच्या मुळाशी असलेली वही पाच वर्षांची, हे कोणत्या न्यायाने? मृत्यूला वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर कलम १३ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि मृत्यू झाल्याचे पटवून द्यावे लागते. घरी वारलेल्या, डॉक्टर न पाहिलेल्या माणसाच्या बाबतीत स्मशानाचा उतारा हाच बहुधा एकमेव कागद असतो. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदा आहेच. जुने कागद नष्ट करण्याआधी करायची तपासणी या वह्यांच्या बाबतीत कारकुनाच्या एका टिपणीवर उरकते.

२. वही ठेकेदाराची समजली जाते. लाकूड पुरवठ्याचा किंवा देखभालीचा ठेका दिला की नोंदीही त्याच्याच माणसाकडे. ठेका बदलला की जुनी वही जुन्या ठेकेदाराच्या घरी. पालिकेकडे पावतीपुस्तकाची स्थळप्रत राहते, तीवर फक्त पैसे देणाऱ्याचे नाव. तरी सांगतो, पावतीपुस्तकही फेकू नका. वही हरवलेल्या वर्षांत लाकडाची पावती कामाला येते: दोन-तीन क्विंटल लाकडाची पावती म्हणजे बहुधा मोठ्या माणसाचे दहन, आणि पैसे भरणारा बहुधा मुलगा, भाऊ किंवा जावई. त्याच तारखेच्या आसपास निबंधकाच्या वहीत त्याच आडनावाचा मृत्यू आहे का, ते पाहता येते.

३. रकाने अपुरे आहेत आणि बायकांचा माग तुटतो. जुन्या नोंदीत ‘रामा वल्द लक्ष्मण’ (लक्ष्मणाचा मुलगा रामा) असते, आडनाव नसते. बाई असेल तर ‘जौजे’ किंवा ‘भ्रतार’ लावून नवऱ्याचे नाव. माहेरचे गाव, माहेरचे आडनाव, लग्नाआधीचे नाव कुठेही नाही. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे आईकडची वंशावळ एका पिढीतच बंद होते. आजच्या छापील वह्यांतही हा रकाना नाही, म्हणजे पुढच्या शंभर वर्षांची अडचण आपण आज छापून घेत आहोत. मृत्यू नोंदणीचा क्रमांक स्मशानाच्या वहीत लिहिला जात नाही आणि स्मशानाचा अनुक्रमांक निबंधकाच्या वहीत नाही. दोन्ही वह्या एकमेकींना ओळखत नाहीत.

४. सुशोभीकरणाच्या नावाखाली सपाटीकरण. जनसुविधा योजनेतून शेड, आवारभिंत, पेव्हर ब्लॉक होतात. त्यांची गरज आहे. पावसात प्रेत ताटकळत ठेवावे लागणारी गावे आम्हाला ठाऊक आहेत. पण अंदाजपत्रकात ‘जमीन सपाटीकरण’ ही एक ओळ असते आणि जेसीबी त्या ओळीबरहुकूम चालतो. समाध्यांचे दगड भरावात जातात. बेसॉल्टचा कोरीव दगड शेकडो पावसाळे झेलतो, जेसीबीच्या बकेटपुढे त्याचे काय चालणार? अंदाजपत्रकात मोजणी आणि छायाचित्रणाची एक बाब घातली तर खर्च शेडच्या पत्र्यांपेक्षा कमी येईल.

५. शोध घेतला तो एका रकान्यापुरता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याच्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातले जुने दप्तर तालुक्यातालुक्यात उघडले गेले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधून आणली, पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. काही महिन्यांत एवढे काम होऊ शकते, हे प्रशासनानेच दाखवून दिले. पण ज्या पानावर हवी ती नोंद सापडली ते पान वर आले आणि बाकीची पाने बहुतेक ठिकाणी पुन्हा फडक्यात बांधली गेली. त्याच पानांवर नाव, बाप, गाव, वय, तारीख होती. माणूस समोर बसला होता, वही उघडी होती आणि आपण उरलेले रकाने उतरवले नाहीत. याचे वाईट वाटते.

६. वाचनात होणाऱ्या चुकांवर देखरेख नाही. हा मुद्दा थोडा सविस्तर मांडतो, कारण चुकीच्या नोंदीची सूची एकदा संगणकात चढली की ती दुरुस्त करणे नवी करण्यापेक्षा अवघड होते.

हैदराबादचा फसली सन, म्हणजे महसुली कामाचे वर्ष, आजूर महिन्याने, साधारण ६ ऑक्टोबरला सुरू होतो. आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसलीत ५९० मिळवायचे, इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१ (बहमनचे शेवटचे काही दिवस जानेवारीत जातात, तेवढे सांभाळायचे). सरसकट ५९० मिळवणारे फसली १३२५ च्या खुर्दादमधला मृत्यू १९१५ चा म्हणून लिहितात. तो एप्रिल १९१६ च्या सुमाराचा असतो. मद्रासकडचा फसली १ जुलैला सुरू होतो, त्याचे तक्ते इथे लावले की आणखी घोळ. पडताळणीची एक सोपी खूण आहे: १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. फसली १३२८ च्या आजूर-दै मध्ये, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मध्ये, नोंदी एकदम वाढलेल्या दिसायला हव्यात. तुमच्या सूचीत ती वाढ १९१७ किंवा १९१९ च्या हिवाळ्यात दिसत असेल, तर रूपांतर चुकले आहे.

हिजरी सनाला सरळ बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. सनातून त्याचे शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवले की एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन येतो. नक्की तारखेसाठी तक्ता पाहायचा. हिजरी १३३७ ची सुरुवात ऑक्टोबर १९१८ मधली. शके असेल तर ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९.

कबरीच्या माथ्यावरचा ७८६ हा आकडा सन म्हणून उतरवलेला आम्ही पाहिला आहे. उर्दू आकड्यांत दोन आणि तीन एकमेकांसारखे, सात आणि आठ एकमेकांचे उलटे; शून्य म्हणजे नुसता ठिपका, तो चुन्याखाली गेला की १३१० चे १३१ होते. काही कबरींवर सन आकड्यात नसतोच. शेरातल्या अक्षरांच्या अबजद किमतींची (दर अक्षराला ठरलेल्या आकड्यांची) बेरीज म्हणजे सन. असा दगड ‘सन नाही’ म्हणून नोंदवला जातो. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो; नाव कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले, हे त्या गावचा माणूस शेजारी बसल्याशिवाय ठरत नाही.

गावांचे जिल्हेही हलले आहेत. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. किनवट आदिलाबादकडून आले, मुधोळ नांदेडकडून तिकडे गेले. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. वहीवर लिहिलेला जिल्हा आणि आजचा जिल्हा हे दोन वेगळे रकाने ठेवले नाहीत, तर शोधणारा माणूस कायम चुकीच्या रेकॉर्ड रूममध्ये उभा राहतो. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दुसरीकडे वसवलेल्या गावांसाठी तिसरा रकाना हवा: जुने गावठाण. माणसे नव्या जागी आली, पुरलेले जुन्या जागी राहिले.

७. जपण्याच्या नावाखाली नासधूस. फाटकी पाने लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उडते आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लोखंडी टाचण्या आणि स्टेपल गंजतात. शिवण उसवून ऑटोफीड स्कॅनरमध्ये पाने घालणारा ठेकेदार तर दारातूनच परत पाठवावा. वही पूर्ण १८० अंशांत उघडली की बांधणी तुटते. उशीवर किंवा दुमडलेल्या चादरीवर साधारण ९० ते १०० अंशांत ठेवून वरून फोटो घ्यायचा, फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. कोरी पानेही घ्यायची, म्हणजे मधले पान सुटले की फाडले गेले याचा वाद राहत नाही. पहिल्या फोटोत वहीचे मुखपृष्ठ आणि शेजारी मोजपट्टी. फाइलीच्या नावात तालुका, गाव, स्मशानाचा प्रकार, वहीचा क्रमांक, पान. मोबाइलमधले पान सरळ करून काळे-पांढरे करणारे अॅप वापरू नये. फिकट झालेली शाई ते पुसून टाकते आणि आपल्याला पान स्वच्छ दिसते म्हणून आनंद होतो.

वही नाहीच, फक्त जागा आहे, अशा ठिकाणी काय करायचे? मोजणी. ही पद्धत कोणत्याही ग्रामपंचायतीला चार-पाच माणसांत जमते.

गट क्रमांक, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि भूमी अभिलेखचा नकाशा आधी हातात घ्यावा. जागेवर सुतळी आणि खुंट्यांनी दहा-दहा मीटरचे चौकोन आखावेत. उभ्या पट्ट्यांना अक्षर, आडव्यांना आकडा. ‘ग-४-१२’ म्हणजे ग पट्टीतल्या चौथ्या चौकोनातली बारावी कबर. पाटी नसलेल्या मातीच्या उंचवट्यालाही क्रमांक द्यावा. बहुतेक मोजण्या इथेच चुकतात: नाव नसलेले वगळतात, आणि पुढे नातेवाईक किंवा पिढ्यान्‌पिढ्या स्मशान राखणारा मसणजोगी येऊन ‘ही अमक्याची’ म्हणून सांगतो तेव्हा ती माहिती टाकायला जागाच नसते. अशी तोंडी माहिती सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह वेगळ्या रकान्यात जावी. क्रमांक दगडावर रंगवू नये, नकाशावर आणि फोटोत धरलेल्या पाटीवर लिहावा.

दर कबरीचे तीन फोटो: पूर्ण कबर, अक्षरांचा जवळून, आणि शेजारच्या कबरींसह. नवरा-बायको, सासू-सून शेजारी असतात, आणि ती शेजारची कबर पुष्कळदा नात्याचा एकमेव पुरावा ठरते. फोटो सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर घ्यावा. तिरप्या उन्हात कोरलेले अक्षर उठून दिसते, दुपारी तेच सपाट होते. उन्हाची दिशा जुळत नसेल तर आरशाने आडवा उजेड पाडावा. साफ करायला मऊ ब्रश आणि साधे पाणी, बाकी काही नाही. खडू, पीठ, तेल, तारेचा ब्रश, अॅसिड यांतले काहीही दगडाला लावू नये. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक आणि संगमरवरही त्याच जातीचा. अॅसिड पडले की पृष्ठभाग फेसाळतो आणि त्याबरोबर नाव जाते. ऑइलपेंटने लिहिलेल्या पाट्यांचा क्रम आधी लावावा, त्या काही पावसाळ्यांच्याच सोबती असतात.

मजकूर दगडावर आहे तसाच उतरवावा, ओळीला ओळ, चुकीचे शुद्धलेखनही तसेच. न लागलेले अक्षर टिंबाने दाखवावे. अंदाज आणि इसवी तारीख वेगळ्या रकान्यात. एकाने जागेवर वाचावे, दुसऱ्याने फोटोवरून स्वतंत्र वाचावे, मग दोन्ही ताडावे. दोघांनी एकत्र बसून वाचले की पहिल्याची चूक दुसऱ्याला बरोबर दिसू लागते.

या सगळ्यावर आमच्या मागण्या अशा:

स्मशान, दफनभूमी आणि कब्रस्तानाच्या नोंदवह्या, त्या कोणत्याही भाषेत आणि कोणाच्याही ताब्यात असोत, ‘अ’ वर्गात घेण्याचा लेखी आदेश निघावा. शासनस्तरावरची मंजुरी येईपर्यंत विभागात त्यांचे निंदणीकरण थांबवावे. ही पहिली मागणी. बाकीच्या सावकाश झाल्या तरी चालतील, ही नाही.

प्रत्येक ग्रामपंचायत आणि पालिकेने ९० दिवसांत एक पानी तक्ता द्यावा: जागेचे नाव व गट क्रमांक, कोणत्या वर्षांच्या वह्या आहेत, मधली कोणती वर्षे नाहीत, लिपी, अवस्था, सध्या कोणाकडे आहेत. ठेकेदारांकडच्या वह्या परत घ्याव्यात आणि यापुढे अंतिम देयकाआधी वही जमा केल्याची पोच करारातच घालावी.

ज्या जागेवर बांधकाम मंजूर आहे तिथे वर सांगितलेली मोजणी झाल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नये. जुने दगड काढावेच लागले तर त्याच आवारात भिंतीलगत, क्रमांकासह उभे करावेत.

नव्या वहीत चार रकाने वाढवावेत: मृत स्त्रीचे माहेरचे नाव व गाव, मृताचे मूळ गाव, दफनाची जागा नकाशातल्या क्रमांकाने, आणि मृत्यू नोंदणी क्रमांक. निबंधकांनी आपल्या वहीच्या शेऱ्यात स्मशानाचा अनुक्रमांक लिहावा. नमुने बदलणे केंद्राच्या हाती असेल. शेऱ्यात एक आकडा लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

वाचनासाठी पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसे आणि उर्दू-फारसी जाणणारे शिक्षक पानामागे मोबदला देऊन नेमावेत. दर पान दोघांनी वाचावे. सूचीची एक प्रत तहसीलला, एक जिल्ह्याला, एक छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात.

सूचीत नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख, जागा एवढेच लोकांसाठी खुले असावे. मृत्यूचे कारण खुले करू नये. नोंदणी कायद्याचे कलम १७ मृत्यूच्या उताऱ्यातही ते उघड करू देत नाही. जातीचा रकाना उघड्या सूचीत नको, ज्याला पुराव्यासाठी हवा त्याने अर्ज करावा. अलीकडच्या तीस वर्षांच्या नोंदी फक्त नातेवाइकांना दाखवाव्यात.

वक्फ मंडळाचे मुख्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीला आहे. त्यांच्याशी, चर्चच्या धर्मग्रामांशी, लिंगायत समाजाच्या पंचांशी आणि पैठणच्या तीर्थोपाध्यायांशी आपण स्वतः बोलावे. त्यांच्या वह्या त्यांच्याच राहाव्यात, वही आवाराबाहेर जाऊ नये, फोटो तिथेच बसून घ्यावेत आणि एक प्रत त्यांना आधी द्यावी. कागद सरकारजमा होतील ही धास्ती रास्त आहे, आणि ती नुसत्या पत्राने जाणार नाही.

सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यातली एक नगरपरिषद आणि पाच गावे घेतली तरी पुरे. उर्दू व मोडी पानांचे पहिले वाचन, फसली-हिजरी रूपांतराचे तक्ते आणि मोजणीचा नमुना-फॉर्म आम्ही विनामूल्य देऊ. निंदणीकरण थांबवल्याच्या आदेशाची प्रत आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यातील वंशावळी-अभ्यासक आणि मोडी-उर्दू दप्तराचे वाचक